पंचवीस पावलं

प्रिय ताई,

आणि हे बघ, ‘लोकांना नुसतं बसवायचं काम’ असं पुन्हा लिहू नकोस. मागच्या पत्रात लिहिलंस, त्याच्या मागच्यात लिहिलंस आणि फोनवर तर एका दमात तीनदा म्हणालीस. शर्टाला काजं करणं म्हणजे नुसती भोकं पाडणं, असं मी तुला कधी म्हटलंय का? एकदा म्हटलं होतं, कबूल. पण तेव्हा तू फेकलेल्या कात्रीची खूण अजून माझ्या डाव्या कानामागे आहे, तेव्हा फिटंफाट. आज मी हे काम काय आहे ते बैजवार लिहून काढणार आहे. फोनवर पाच मिनिटांत आपलं वाजतं आणि तू कट करतेस. कागदाला ते बटण नाही. अक्षराला नावं ठेवू नकोस, सहावीत पळालेल्या माणसाचं आहे.

तर ऐक. टेकडीच्या पोटाशी एक जुनं रान आहे. मधून ओढा जातो, ओढ्याच्या दोन्ही बाजूंना मोठी झाडं. आमच्या मालकीणबाई आधी दवाखान्यात नर्स होत्या. म्हणतात, तीस वर्षं ‘शांतता राखा’ या पाटीखाली उभं राहून आरडाओरडा ऐकला, आता पाटी न लावता शांतता करून बघू. सुट्टीच्या दिवशी इथं कुटुंबं येतात. आईबाप, पोरं, म्हातारी माणसं, कधी नुसते नवरा-बायको, एकमेकांकडे न बघणारे. त्यांचे फोन मी एका पत्र्याच्या डब्यात घेतो. डबा आपल्या दुकानातला, बाबांच्या हातचा असता तर झाकण इतकं कुरकुरलं नसतं, हे मी बाईंना सांगून झालंय. मग प्रत्येकाला एकेक चटई द्यायची आणि एकाला इथं, दुसऱ्याला तिथं असं बसवायचं. दोघांच्या मध्ये बरोबर पंचवीस पावलं. ही पावलं मोजणं म्हणजे माझं खरं काम. वीस झाली तर माणसं बोलायला लागतात, “पाणी प्यायलास का”पासून सुरुवात होते आणि जुन्या भांडणापर्यंत जाते. तीस झाली तर चेहरा दिसत नाही आणि लहान पोरं रडतात. पंचवीसला माणूस दिसतो, पण त्याचं बोलणं पोचत नाही. तासभर असं बसायचं. तास संपला की मी टोला देतो. फांदीला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलाय, आपल्या शाळेत होता तसाच. ज्या टोल्यासाठी मी आख्खा दिवस कान टवकारून बसायचो, तो आता माझ्या हातात आहे. हस, हस.

टोला झाला की सगळे मोठ्या झाडाखाली जमतात आणि प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची, काय दिसलं. काय वाटलं ते नाही, उपदेश तर अजिबात नाही. नुसतं दिसलेलं. मुंगीने पान ओढलं. उन्हाचा कवडसा पायावरून गुडघ्यावर आला. एवढंच सांगताना लोकांचे आवाज बदलतात गं. एक बाई म्हणाली, काहीही न मागता देवापुढे बसल्यासारखं झालं. आमच्या मालकीणबाईंनी नुसती मान हलवली. त्या देवाचं नाव कधी काढत नाहीत, कुणी काढलं तर अडवतही नाहीत. येताना गाडीत एकमेकांवर खेकसत आलेली माणसं जाताना एकमेकांच्या चपला शोधून देतात. हे मी अकरा महिने बघतोय. हो, अकरा महिने. गॅरेजमध्ये दोन महिने टिकलो, रंगकामात चार, टेम्पोवर तीन, आणि तुझ्या ओळखीच्या त्या गोदामात नऊ दिवस. बोटांवर मोज आणि कबूल कर.

पण मी स्वतः कधी बसलो नव्हतो. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, तूही एकदा बसून बघ. चार मिनिटं बसलो आणि उठून कुंपणाचे सहा खांब नीट केले. तू मला भिंगरी उगाच नाही म्हणत. लोक बसले की मी पायवाटा झाडायचो, ओढ्यातल्या काटक्या काढायचो, काहीच नसेल तर डबा पुसायचो. लोकांना शांत बसवणारा माणूस स्वतः सशासारखा इकडून तिकडे.

मागच्या आठवड्यात एक कुटुंब आलं. नवरा, बायको, नऊ-दहा वर्षांची मुलगी आणि आजोबा. आजोबांनी आयुष्यभर यंत्रमाग चालवलेला, कान पार गेलेले. फाटकातून आत येईपर्यंत त्यांचा मुलगा दोनदा ओरडला, “बाबा, टोपी घाला, टोपी!” तर झाडावरची सगळी पाखरं उडाली आणि आजोबा हसून म्हणाले, “हो, हो, जेवलोय.” सून बिचारी रडकुंडीला आलेली. वाईट नव्हती, पण प्रत्येक वाक्य तीनदा बोलून माणसाचं काय होतं ते तुला काय सांगू? तूच ती. आजोबांचं ते हसू आणि ‘हो, हो’ मी लगेच ओळखलं. तेच हसू गं. ऐकू न आल्यावर बाबा हसतात ते.

मी चौघांना बसवलं. आजोबांना ओढ्याच्या वळणावर. ते बसले आणि त्यांची बोटं मांडीवर ठक-ठक चालू झाली. मागाचा ठेका असणार. बाबांची नाही का चालत, जेवतानासुद्धा, पत्र्याच्या पेटीचा कोपरा ठोकल्यासारखी? मला वाटलं, ही बोटं कधी थांबतात ते बघू. म्हणून एका दगडावर टेकलो. झाडू हातातच होता. बोटं चालली, चालली, हळू झाली, आणि थांबली. मग त्यांनी मान वर केली. समोरच्या वाळक्या खोडावर एक सुतार पक्षी होता, डोकं असं दणादण आपटत. मला त्याची ठकठक ऐकू येत होती. त्यांना काहीच येत नव्हतं, नुसतं डोकं हलताना दिसत होतं. म्हातारा असा काही खूश झाला! जणू गल्लीतला जुना कारागीर भेटला. त्यांनी बोट वर करून नातीला दाखवलं. तिने बघितलं, तोंडावर हात ठेवून हसली, आईला खूण केली. आईने नवऱ्याला. चौघं चार ठिकाणी, मध्ये पंचवीस-पंचवीस पावलं, आणि सगळ्यांचे डोळे एका पाखरावर. कुणी ओरडलं नाही. कुणाला काही परत सांगावं लागलं नाही.

आणि ताई, मी टोला द्यायला विसरलो.

एक तासाचे अडीच झाले. मी त्या दगडावर झाडू घेऊन बसलेलो. मुंग्या माझ्या बुटावरून गेल्या आल्या, पक्षी उडून परत आला, ऊन ओढ्याच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर गेलं, मला पत्ता नाही. फाटकाशी दुसरं कुटुंब ताटकळत होतं. बाई तणतणत वर आल्या. आता गेलं काम, हेही गेलं, असं मला नंतर वाटलं, तेव्हा काहीच वाटलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्या चौघांकडे बघितलं, पदर खोचला, आणि माझ्या शेजारी बसल्या. नंतर म्हणाल्या, पगारातून दीड तास कापणार आहे, आणि भिंगरी थांबलेली बघितल्याबद्दल तेवढाच वाढवणार आहे.

झाडाखाली जमल्यावर नातीने सांगितलं, “आजोबांनी पहिल्यांदा मला दाखवला, आईबाबांना नंतर.” मग आजोबा बोलले. बहिऱ्या माणसाचा आवाज, सगळ्या रानाला ऐकू जाणारा. “घरात तुम्ही सगळे बोलता तेव्हा मी एकटा असतो,” म्हणाले. “आज कुणी बोललं नाही, तर मी तुमच्यात होतो.” आणि मग, कुणी रडायच्या आत, “त्या पाखराला सांगा, हातोडी ढिली धर, मनगट जाईल.” सून रडता रडता हसली. जाताना तिने सासऱ्याच्या समोर जाऊन, त्यांच्या तोंडाकडे बघून, हळूच काहीतरी विचारलं. त्यांनी बरोबर उत्तर दिलं. पहिल्याच खेपेला.

आता आपलं. मी घर सोडलं तो दिवस मी तुला कधी नीट सांगितला नाही. पिशवी घेऊन मी दुकानाच्या दारात उभा होतो. बाबांची माझ्याकडे पाठ, पेटीच्या कडा ठोकत होते. मी म्हटलं, बाबा, मी चाललो. तीनदा म्हटलं. त्यांनी मान वळवली नाही. मी ठरवून टाकलं, की मी गेलो काय, राहिलो काय, यांना फरक पडत नाही. तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस, अरे त्यांना ऐकूच आलं नाही, संध्याकाळी तुझं ताट वाढून बसले होते, मग गल्लीगल्लीत शोधत फिरले. मी काय उत्तर दिलं तेही आठवतंय. ‘लाइटबिल आलं म्हटलं की बरोबर ऐकू येतं!’ चार वर्षं तेच उगाळत बसलो. पण त्या दगडावर बसलो तेव्हा पुढचंही आठवलं, जे मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. मी मुद्दाम पाठीमागून बोललो होतो. समोर गेलो असतो, खांद्याला हात लावला असता, तर ते वळले असते. आणि ते वळले असते तर माझा पाय निघाला नसता. ऐकू न येणारा माणूस बघून मी त्याच्या पाठीशी निरोप घेतला, आणि वर त्याच्यावरच रुसलो. आहे की नाही कमाल?

म्हणून हे पत्र. बाबांना घेऊन इकडे ये. दुकान बंद ठेवता येत नाही म्हणतील. पाठीमागून ओरडून सांगू नकोस. समोर उभी राहा आणि पेट्यांवर गिऱ्हाइकांची नावं घालतात त्या रंगाने एका पत्र्यावर मोठ्या अक्षरात लिही, ‘भिंगरीने बोलावलंय.’ बाकी मी बघतो. ओढ्याच्या वळणावरची जागा त्यांच्यासाठी ठरवून ठेवलीय, सुतार पक्षी रोज तिथं कामावर असतो. तुझी जागा जांभळाखाली, तिथून ते तुला दिसतील आणि तुला एक शब्दही तीनदा बोलावा लागणार नाही. पावलं मी दोनदा मोजलीत. तिसरी चटई माझी. टोला त्या दिवशी बाई स्वतः देणार, माझ्यावर त्यांचा भरवसा उरलेला नाही. आणि बसून झालं की मी बाबांच्या समोर जाऊन सांगणार आहे, काय दिसलं ते.

दोघं या, भांडत आलात तरी चालेल.

तुझाच,
भिंगरी

ता. क. पाकिटात तिकिटांचे पैसे आहेत. मोजताना चुकलो असं म्हणू नकोस, हिशेब पक्का आहे, रजाही मिळालीय. सहाशे चाळीसचं एक तिकीट. यायची दोन, जायची तीन. बत्तीसशे.