दोन जावांच्या मधून

९ ऑक्टोबर, शुक्रवार

तीर्थरूप दादास,

साष्टांग लिहायला घेतलं होतं, पण हात वळेना. तेव्हा नुसता नमस्कार. इकडे सगळे ठीक. आत्याचा गुडघा आता बरा आहे. तुझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत माझा चष्मा आणि बारीक सुयांचा डबा राहिलाय, तो फ्रेमवाल्याकडे देऊन ठेव. मी आता तिथे रफू करायला यायची नाही.

रविवारी तू संग्राहक मंडळाचा अध्यक्ष होणार, हे पत्रिकेवरून कळलं. 'जुन्या हस्तकलेचा राखणदार' असं छापलंय तुझ्याबद्दल. मी इतकी हसले की आत्या आतून बघायला आली. कुंपणानं शेत खायचं आणि वर कुंपणालाच हार!

मागच्या महिन्यात दातांच्या डॉक्टरीणबाई माझ्याकडे एक फ्रेम घेऊन आल्या. काचेआड ओल धरली होती. उलटी केली तर मागे तुझ्या अक्षरात चिठ्ठी : 'शंभर वर्षांपूर्वीचा पलंगपोस. आगीतून वाचलेला एकमेव तुकडा.'

एकमेव? दादा, नऊ तुकड्यांच्या कडा मी माझ्या हातांनी दुमडल्यात.

त्या नऊ फ्रेमा फ्रेमवाल्यानंच घरपोच केल्या होत्या. त्याच्याकडून पत्ते घेतले आणि सगळ्यांना एकाच दुपारी वाचनालयात बोलावलं. कारण सांगितलं नाही. सात जण आले. जो तो दुसऱ्याच्या बगलेतली फ्रेम बघून चपापत होता.

निवृत्त न्यायाधीशांनी आपली फ्रेम टेबलावर ठेवली. मी तिला डॉक्टरीणबाईंची लावली. वेल एका काचेतून निघून सरळ दुसऱ्या काचेत शिरली. भरतकामातल्या होडीत पणजी आणि तिची धाकटी जाऊ हात धरून बसल्यात ना, त्यातली पणजी न्यायाधीशांच्या वाट्याला आली होती, मनगटापाशी संपलेली. जाऊ होती डॉक्टरीणबाईंकडे, मुठीत पणजीची बोटं घेऊन.

मग न्यायाधीश म्हणाले, "हे कुणी केलं?"

"माझ्या भावानं विकलं."

"ते कळलं. कापलं कुणी?"

"मी," म्हटलं.

तुझं नाव घेणं सोपं होतं. हे जड गेलं. तू म्हणाला होतास, "तुझा हात सरळ चालतो. अख्खा पलंगपोस कोण घेणार? पेटीत कसर खाईल. तुकडे झाले तर नऊ घरांत जगेल." तेव्हा पटलं, आणि थोडं आजही पटतं, त्याचाच संताप येतो. डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, "अख्खा असता तर मी घेतला नसता हो." पण होडीपाशी मी थांबले होते. म्हटलं होतं, दादा, जरा वळसा घालू. तू म्हणालास, "चौकट बरोबर बसली पाहिजे." आणि मी कात्री चालवली.

आता जे लिहायचं टाळतेय ते.

त्याच वर्षी आत्याची इस्त्री चालू राहिली आणि खोलीचा पडदा जळला. ती धुरानं दवाखान्यात. पलंगपोस तेव्हा तिच्या नकळत तुझ्या दुकानात, तुकडे होऊन पडलेला. तिच्या उशाशी बसून तू सांगितलंस, "पेटीतला पलंगपोस गेला, आत्या. जाऊ दे, तू वाचलीस हेच खूप." मी पायथ्याशी उभी होते. गप्प.

सहा वर्षं, दादा. ज्या बाईनं आईमागे आपल्याला वाढवलं, ती सहा वर्षं चुरगळलेले कपडे घालतेय. दाराला कुलूप लावून तीनदा परत आत जाते. "पाच जावांनी दहा वर्षं भरलेलं, मी एका दुपारी जाळलं," असं येईल त्याला सांगते. तू तिच्या पाया पडतोस, आणि ती तुझी क्षमा मागते!

वाचनालयातून मी ते दोन तुकडे तिच्यापुढे नेऊन ठेवले. तिनं काचेवरून बोट फिरवलं. "म्हणजे माझ्या हातून नाही गेलं," एवढंच म्हणाली. मग माझ्याकडे बघून : "तुला ठाऊक होतं?"

मी मान डोलावली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं तुझ्या सभेची पत्रिका मागून घेतली.

सातांपैकी पाच जणांनी तुकडे जोडायला दिलेत. दोघांनी आपापले घरी नेले, तो त्यांचा प्रश्न. जोड दिसणारच. मी तो लपवणार नाही.

रविवारी हार घालण्याआधी न्यायाधीश एक निवेदन वाचतील. पलंगपोस कुठून आला, कसा कापला, आत्याला काय सांगितलं, सगळं त्यात आहे. खाली माझी सही आहे. शेजारची जागा तुझ्यासाठी मोकळी ठेवलीय. तू सही केलीस किंवा नाही केलीस, दोन्ही सगळ्यांना दिसेल. आजारपणाची सबब सांगू नकोस, सातही जण घरी चौकशीला येतील.

आत्या पहिल्या रांगेत बसणार आहे. तिला मान खाली घातलेला माणूस नीट दिसत नाही, तेव्हा वर बघून बोल.

तुझी
(आत्या म्हणते, काही झालं तरी तुझीच)
धाकटी