पाहणारे : चार

शनिवार, ६
नवं घर झकास आहे! दोन खोल्या, भरपूर ऊन, नोकरीच्या जागी चालत दहा मिनिटं. आधीच्या भाडेकरूची वेताची खुर्ची खिडकीपाशी तशीच आहे. फुकट ते पौष्टिक, ठेवून घेतली. कपाटात जुना कॉम्प्युटर बसवला, तोच आमचा घरगुती सर्व्हर. बाबा गेल्यापासून आई दूर दादाकडे असते. आता दर रविवारी चार वाजता आम्ही तिघं आपापल्या फोनवर बाबांचा एकुलता एक व्हिडिओ एकत्र बघणार. त्यासाठी वेबपान मीच बनवलंय, एकाने थांबवलं की सगळ्यांकडे थांबतं, एकाने चालू केलं की सगळ्यांकडे चालू.

रविवार, ७
टेपवरून उतरवलेली फाइल अवाढव्य होती, एन्कोड करून लहान केली. जागा पुरेना म्हणून मूळ फाइल उडवली. टेप तर उतरवतानाच मशिनने चावून टाकली होती. आता बाबा एवढ्या एकाच फाइलीत. डाव्या हातात पान्हा धरून ते सायकल दुरुस्त करतायत आणि चाक तुझ्याच वजनाने वाकलं म्हणून आईला चिडवतायत. बारा मिनिटं. आई हसली, मग रडली.
कोपऱ्यात लिहून आलं, पाहणारे : चार. दादा म्हणाला, तूच दोन ठिकाणी उघडलं असशील. असेनही, वेंधळी तर आहेच मी.

रविवार, १४
आज तेरा मिनिटं झाली. सायकल संपल्यावर खिडकीपाशी वेताची खुर्ची दिसली. माझी खोली! खुर्चीत कुणीतरी पाठमोरं. दादाकडे बारा मिनिटांतच संपलं. आईला मात्र दिसलं. ती म्हणाली, अगं, हेच तर बसलेत, स्वेटर ओळखला नाहीस का.
सर्व्हरच्या नोंदी तपासल्या. चौथा माणूस याच घरातून बघतो. घरात मी एकटी आहे.

बुधवार, १७
ते जास्तीच्या मिनिटाचं शेपूट कापून फाइल पुन्हा एन्कोड केली. शेपूट परत आलं, आधीपेक्षा लांब. तो आता वळलाय. तोंडाच्या जागी नुसते चौकोन. तिसऱ्यांदा केली. दर खेपेला चित्र बिघडायला हवं, इथे चौकोन बारीक होत चाललेत. चेहरा सुधारतोय.
पान्हा त्याच्या उजव्या हातात आहे. बाबांनी उजव्या हातात कधी चमचासुद्धा धरला नाही.
फाइल उडवावी, तर बाबांचा आवाज कायमचा जाईल. हात धजत नाही. भीती वाटतेय.

शनिवार, २०
आईचा फोन. ते तिला इकडे ये म्हणतायत म्हणे. उद्या येतेय, एकटी. मी ओरडले, ते बाबा नाहीत, हात बघ. ती शांतपणे म्हणाली, गेल्यावर माणूस एवढं तरी बदलणारच. दादाला सांगितलं, तिला सोडू नकोस. तो म्हणाला, जरा हवापालट होईल तिचा.

रविवार, २१. तीन वाजता
फाइल उडवली. बाबा, माफ करा.
कॉम्प्युटरची वायरही उपटली. फोनवर पान चालूच आहे. पाहणारे : तीन. मी, आई आणि —

पावणेचार
आई आली. माझ्याकडे बघितलंच नाही. नको म्हणाले तरी त्याच खुर्चीत बसली. हातात फोन, त्यात ही खोली. आत्ताची. तिच्यामागे तो उभा. खोलीत मला कुणीच दिसत नाही, फोनमध्ये दिसतो. एकही चौकोन उरला नाही. चेहरा लख्ख — आमच्यातला कुणीच नाही —
हात आईच्या खांद्याकडे —
मी माझ्या फोनवर थांबवलं.
तो थांबला. आईही थांबली. इथे, खुर्चीत. डोळे उघडे. श्वास नाही. हाक मारली, हलवलं —

बोट बटणावर ठेवून लिहितेय. चालू केलं तर तो हात. नाही केलं तर आई —
दादाला फोन लावला, उचलत नाही —

पाहणारे : तीन. आई तर थांबलेली. फोनमधला तो हात पुन्हा सरकतोय. मी बटण दाबलेलं नाही. मग चालू कुणी