काँटेसाच्या मागच्या स्प्रिंगा व इतर मिळकत

मी, उल्हास मधुसूदन दाभोळे, निवृत्त शास्त्रज्ञ, राहणार अलीगंज, लखनौ, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणणारे आसपासच असावेत, असा मला दाट संशय आहे.

१. राहते घर व बँकेतील ठेवी पत्नी मालिनी हिला. ती हयात असेपर्यंत चिरंजीव प्रसाद याने घर विकण्याचा विषयही काढू नये. वृंदावन योजनेत त्याचा स्वतःचा फ्लॅट आहे, तरी इकडे आला की तो आमच्या भिंतींकडे गिऱ्हाइकासारखा बघतो.

२. माझी हत्यारे प्रसादला, ड्रिल मशीन वगळून. ते शेजारी गजेंद्र सिंह यांनी नेले आहे व परत येईल असे वाटत नाही.

३. काँटेसा गाडी. तिच्या मागच्या स्प्रिंगा बसल्या म्हणून मी दुहेरी ताकदीच्या नव्या आणवल्या. यांचे वरचे वेढे जवळजवळ असतात, खालचे लांब लांब. गाडी हलकी असली की स्प्रिंग मऊ राहते. मागे भार पडला की जवळचे वेढे एकमेकांवर मिटतात आणि ती कडक होते. चारबागच्या मिस्त्रीने त्या बसवल्या तेव्हा मी स्टूल टाकून समोरच बसलो. नजर हटली की नव्या मालाच्या जागी जुनाच चढतो.

मी व मालिनी नेहमी पुढे बसतो. म्हणजे ते वेढे मिटायचे कारण नाही. खात्रीसाठी मी त्यांच्या फटीत चुना भरून वाळू दिला. गाडी मी बाहेर काढलीच नव्हती, तरी दुपारी झोपून उठलो तर चुना चिरडून खाली पडलेला. दुसरी किल्ली प्रसादकडे असते. इथे नवरदेवाला जुन्या गाडीतून मिरवायची हौस फार. प्रसाद गाडी वरातींना भाड्याने देतो, हे मी समजलो. सबब गाडी भंगारात घालावी, पण प्रसादला देऊ नये.

४. वरील कलम रद्द. प्रसादला फोनवर खडसावले. तो म्हणाला, "बाबा, मैंने हाथ भी नहीं लगाया. आईसे पूछिए."

आई कुकर लावत होती.

"मीच नेली होती," मालिनी म्हणाली. "मागे गजेंद्रभैया, त्यांची बायको आणि मेहुणी."

"तुला गाडी कधीपासून येते?"

"प्रसादने शिकवली, त्याच्याकडच्या रिकाम्या रस्त्यांवर. हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत जाऊन आले."

"कोण आजारी आहे?"

"तुम्ही. गेल्या हिवाळ्यात तुमच्या छातीत कळ आली, तेव्हा प्रसाद पोचेपर्यंत मी दारात उभी होते. पुन्हा नाही उभी राहणार. तुम्ही मागे आडवे, धरायला दोघं. एवढा भार असताना गाडी वळणावर कशी जाते, ते आधी कळायला नको?"

म्हणजे माझ्यामागे कट शिजत होता, हा माझा संशय खराच निघाला.

गाडी मालिनीला. माझ्या पश्चात नव्हे, आजपासून. मागच्या सीटवरून सूचना देणार नाही, असेही लिहून द्या म्हणते. ते मी लिहून देणार नाही. हॉस्पिटल येईपर्यंत मी शुद्धीत राहणार आहे.

ठिकाण: लखनौ
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५

(सही) उल्हास मधुसूदन दाभोळे

साक्षीदार, माझ्या डोळ्यांदेखत सह्या करून:
१) गजेंद्र सिंह, शेजारी
२) डॉ. मैत्रेयी सबनीस, माजी सहकारी