सुरतेचं चाक आणि दिवलीबाईचे तोडे

मुक्काम तळोदा, माघ वद्य पंचमी, शके १८५५

तीर्थस्वरूप उखामामांच्या पायी जावई चुडामणचा दंडवत. शहाद्यात सर्व मंडळी खुशाल असतील, मामींचा खोकलाही गेला असेल. इकडे आमची प्रकृती ठीक आहे, मनाचं काही सांगवत नाही.

चांदीला ओप देताना आपण अजून अकीकाच्या ओपणीने, त्या गुळगुळीत दगडाने, तासनतास घासत बसता. मला आपल्या मनगटांची दया यायची. म्हणून मी (केवळ आपल्या सोनारकीच्या भल्यासाठी) सुरतेहून पायाने फिरवायचं पॉलिशचं चाक आणलं. आगगाडीने नंदुरबार, पुढे बैलगाडी. वाटेत बैल बिथरले, पण त्यात चाकाचा दोष नाही. माझी जुनी ओपणी गाडीवाल्यालाच देऊन टाकली (तंबाखू चुरायला बरी पडते म्हणे). पहिला मान डोंगरातल्या दिवलीबाईने पोरीच्या लग्नासाठी सांगितलेल्या तोड्यांना मिळाला. त्यांवर मी ज्वारीच्या कणसांची वेल कोरली होती. चाक फिरलं, तोडे आरशासारखे झाले, वेल मात्र चाकाने चाटून नेली. (नीट पाहिलं तर एखादं कणीस दिसतं. मी नीट पाहतो.) दिवलीबाईने तोडे उन्हात धरले आणि ओट्यावर आपटले. "हाई चांदी नही, कथील शे! नवरदेवकडला लोके काय म्हनतीन?" तिकडे चांदी पांढरी हवी आणि कोरणीच्या खाचेत काळी. चकाकली की खोटी. मी तोलून दाखवलं, तापवून दाखवलं, बाई ओट्यावरून हलेना. लग्न तर तोंडावर आलेलं. चाक उत्तमच आहे, मामा. गिऱ्हाइकंच त्याच्या लायकीची नाहीत.

आपला आज्ञाधारक (चाकाची बाब सोडून),
चुडामण

ता. क. हे चाक आपल्याला प्रेमाची भेट म्हणून पाठवतो आहे. बदल्यात आपली एखादी ओपणी द्यावी. घाई नाही.

आणखी ता. क. थोडी घाई आहे. ओट्यावर बसल्या बसल्या दिवलीबाईची नजर आपल्या लेकीच्या, दगूबाईच्या, पायांकडे गेली. तिथे आपण लग्नात घडवून घातलेले तोडे. "हाई चांदी!" म्हणाली. पोर मांडवात मोकळ्या पायांनी कशी उभी राहील, म्हणून आपल्या लेकीनेच ते उतरवून दिले. मला मात्र म्हणाली, "आते चाकसंगेच संसार करा!"

शेवटचा ता. क. पत्र आणणारी दगूबाईच आहे. अजून ती गाडीत बसायची आहे, तरी घर आत्ताच खायला उठलंय. ओपणी मागाहून आली तरी चालेल, मामा. आधी तिला पाठवा.