माझी वही, तिचं इंग्रजी

मंगळवार, संध्याकाळ

वखारीच्या ऑफिसात सहा वर्षं टायपिंग मी करते, आणि आज शेठजींनी फोन घ्यायला बोलावलं कोणाला? दिवाळीनंतर आलेल्या शालूला! "होल्ड ऑन, प्लीज." काय तो गोड आवाज! ते "होल्ड ऑन" माझ्या वहीतलं. रोज पाच वाक्यं मीच अर्थासकट उतरवलेली. तिनं मागितली, मी दिली.

पण मी कधी मोठ्यानं बोलले का? लोक हसतील म्हणून गप्प. ती चुकते, स्वतःच हसते आणि पुन्हा बोलते.

सुटताना मी फटकन म्हटलं, "माही वही दे."

तिनं लगेच पिशवीतून काढली. "घे वं ताई. मले सारी पाठ झाली."

फाटक्या वहीला नवं कव्हर घातलेलं. मेली चांगलीसुद्धा आहे!