टायरच्या बोर्डावरची तिरपी अक्षरं

दादा, मागच्या सोमवारी पुण्याहून एक मुलगी तुमची अक्षरं बघायला आली होती. कॉम्प्युटरसाठी मराठी फॉन्ट बनवणं हे तिचं काम. तिला तिरपा, एकाच जाडीचा, बिननक्षीचा फॉन्ट करायचा आहे. मोबाइलवर, बसच्या पाट्यांवर, पुस्तकात एखादा शब्द वेगळा दाखवायला चालेल असा. मी तिला जवळा बाजार गावात नेलं. तुमचे दोन बोर्ड तिथं अजून आहेत, एक ट्रॅक्टरवाल्याचा, एक टायरवाल्याचा. दोन्हींच्या कोपऱ्यात तुमचं नाव.

चाकाचा धंदा असला की अक्षर तिरपं, देवाचं आणि डॉक्टरचं सरळ, हा तुमचा नेम. तिरप्यासाठी तुमच्याकडे सागवानी पट्टी होती. ती लावून खडूच्या रेघा मारायच्या आणि प्रत्येक काना रेघेवर बसवायचा. मी आठवीत असताना त्या पट्टीला हात लावला. तुम्ही तीच माझ्या बोटांवर हाणली आणि गिऱ्हाइकाला म्हणालात, "पोराचा हात न्हाई ह्यो, बैलाचा खूर हाय. रंगाचा डबा धरायला ठिवलाय." गिऱ्हाईक पोट धरून हसलं. त्या पट्टीला मी पुन्हा शिवलो नाही. शेवटच्या वर्षी तुमचा हात थरथरायला लागला, तेव्हा टायरचा बोर्ड मी नुसत्या नजरेनं तिरपा लिहिला. तुम्ही खाली खुर्चीत बसून चुका काढत होतात. बोर्ड संपल्यावर कोपऱ्यात तुमचं नाव माझ्याच हातानं लिहून घेतलंत.

ट्रॅक्टरच्या बोर्डापुढं ती मुलगी फार थांबली नाही. म्हणाली, इथं सरळ अक्षर नुसतं ढकललंय, त्यानं 'व'चं पोट चेपलंय. टायरच्या बोर्डापुढं मात्र ती खाली बसलीच. इथली प्रत्येक गोलाई तिरप्या अक्षरासाठी नव्यानं काढलीय, म्हणाली. मग मला म्हणाली, "तुमच्या वडिलांचा हात उतारवयात मोकळा झाला, फॉन्टला त्यांचंच नाव देऊ."

घरी चहा घेताना मी बोललो. "टायरचा माझा हाय. चेपलेला दादांचा." तिथं थांबायला हवं होतं. पट्टी काढून घेतली तर तुम्हाला एक तिरपा काना पाडता येत नव्हता, हेही सांगितलं, सावकाश, चव घेत. आई दारात शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "मेल्या माणसाला काहून हाणून राहिलास?" मुलगी गोंधळली. मग तुमच्या नावाऐवजी माझं नाव विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी नागनाथासमोर हात जोडले, तेव्हा मला आनंद होत होता. खरं बोलल्याचा नव्हे. तुमचं काहीतरी हिसकावल्याचा. देवाला तो लपवला नाही. आई अजून माझ्याशी बोलत नाही.

हे पाठवायला पत्ता नाही, म्हणून एवढं मोकळं लिहितोय. तुम्ही जिवंत असता, तर मी मुकाट्यानं चहा संपवला असता आणि फॉन्टला तुमचंच नाव देऊ दिलं असतं.