हळद उन्हात उडते

२१ सप्टें., रविवार
मलिंगारच्या हॉस्पिटलात जाऊन आलो. डेक्लनची फुप्फुसं आता साथ देत नाहीत. नाकात नळी, तरी तोंड चालूच. चौऱ्याऐंशी वर्षांचा आयरिश माणूस. पाच वर्षांपूर्वी जुन्या वस्तूंच्या बाजारात भेटला तेव्हा म्हणाला होता, अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलची, खेळाडूंचे फोटो छापलेली जुनी कार्डं जमवणारा दुसरा वेडा सापडला एकदाचा. मला हा नाद तिकडे एम.एस. करताना लागला. त्याच्या तर घरातच होतं. थोरला भाऊ फ्रँक बॉस्टनच्या कॉलेजकडून खेळायचा, गाजला, कार्डावर छापला गेला आणि चोविसाव्या वर्षी मोटारीखाली गेला.
ते कार्ड आज माझ्या हातात दिलं. कुजत चाललेल्या फ्रेममधून काढून कडक प्लास्टिकच्या डबीत घालायचं. मागे त्यांच्या आईच्या अक्षरात, पेन्सिलीने: आमचा फ्रँक.
"नीट सांभाळ त्याला. माझ्याबरोबर जायचंय त्याला."
मी मान डोलावली.

२४ सप्टें.
कार्ड फ्रेममधून सुटलं. तास लागला. हात धुतले, कोरडे केले, दोन्ही हातांनी उचललं. मानसी बायकोच्या हक्काने म्हणाली, लिक्सलिपच्या कॉम्प्युटर चिपच्या प्लांटमध्ये दिवसभर धुळीच्या कणाशी भांडतोस, घरी येऊन परत तेच, देवाचं एवढं सोवळं पाळलं नाहीस कधी. हसलो.
आई तीन महिन्यांसाठी अकोल्याहून आलीय. ती दारातून बघत होती.

१ ऑक्टो., खंडेनवमी
प्लांटमधून घरी आलो. हॉलमध्ये पाट मांडलेला. त्यावर माझा लॅपटॉप, मानसीच्या गाडीची किल्ली, पोळपाट-लाटणं, विळी (सामानात घालून आणलीच शेवटी). सगळ्यांना हळद-कुंकू, अक्षता, वर झेंडूऐवजी इथली कसली तरी पिवळी फुलं.
मध्यभागी फ्रँक. डबीच्या बाहेर. कपाळापासून हनुवटीपर्यंत ओली हळद, त्यावर कुंकू ओघळलेलं. तांदूळ गालाला चिकटलेले.
मी ओरडलो. काय काय ओरडलो ते सगळं लिहीत नाही. एक वाक्य लिहितो, विसरायला नको म्हणून: तुला इथे बोलावलंच कशाला.
आई पाटाशी बसूनच राहिली. "हात धुतल्याबिगर तू त्याले शिवत नाही. मले वाटलं, तुह्या गुरूचा फोटो आहे. मंग प्लास्टिकले लावू का कुंकू?"

२ ऑक्टो.
दसरा. श्रीखंडाचा डबा उघडला नाही कोणी. आईने मला सोनं दिलं नाही. दरवर्षी तिकडून वाळलेली आपट्याची पानं आणते, ती बॅगेतच राहिली. मीही मागितलं नाही.
कार्डावर कोरडा कापूस, मऊ खोडरबर, पावाचा गर सगळं करून झालं. कागद जुना आहे, रंग आत उतरलाय. जास्त घासलं तर फ्रँकचं नाकच जाईल.

३ ऑक्टो.
आई दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. हळद उन्हात उडते, म्हणाली. मी म्हटलं, उन्हाने छपाईही उडते. आणि ऊन कुठाय इथे?
संध्याकाळी बघतो तर कार्ड किचनच्या खिडकीत. आई स्टूल घेऊन शेजारी. ढग जरा हटले की तुकड्याएवढं ऊन जिथे पडेल तिथे सरकवते. अडवायची माझी लायकी राहिलेली नाही.

५ ऑक्टो., रविवार
मलिंगारला गेलो नाही. सर्दी झालीय असं कळवलं. डेक्लनची मुलगी नोरा म्हणाली, बाबा फ्रँकची चौकशी करत होते. अगदी ग्रँड, मजेत आहे, म्हणून मी सांगितलं.

७ ऑक्टो.
सँडीफोर्डला ऑफिस असलेल्या एकाकडे फ्रँकचं तेच कार्ड आहे. स्वच्छ. तो विकत नाही, अदलाबदल करतो. त्याला माझं पहिलं कार्ड हवंय, एम.एस.च्या वेळी रूममेटने दिलेलं.
देऊन टाकलं. स्टेशनवर उभ्याउभ्या. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण सुटल्यासारखं वाटलं. चोराला वाटत असेल तसं.

९ ऑक्टो.
नव्या कार्डाची पाठ कोरी.
वहीत चाळीसएक वेळा गिरवलं. आमचा फ्रँक. त्या बाईचा एफ खाली वळतो, शेवटचा के उडी मारतो. मग कार्डावर लिहिलं. हुबेहूब जमलं. इंजिनिअर आहे, जमणारच.
आईला कळलंय. ती चहाचा कप ठेवायला आली आणि वहीकडे बघून गेली. मेलेल्या मुलाबद्दल एका आईने लिहिलेले शब्द मी प्रॅक्टिस करून लिहिले. लाज वाटते, आणि तरीही उद्या हे कार्ड फाडणार नाही हे मला माहीत आहे.

१२ ऑक्टो., रविवार
मलिंगार. डेक्लन अर्धा झालाय. नोराने उशी सरकवून त्याला टेकवून बसवलं. मी डबी उघडून कार्ड हातात दिलं.
बराच वेळ बघत होता. मग उलटवलं. आईच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. अंगठ्याला शिसं लागलं. त्याने अंगठा बघितला. चादरीला पुसला.
"फार स्वच्छ केलंस त्याला," म्हणाला.
कार्ड मला परत दिलं. तुझ्याकडेच असू दे, वेळ आली की घेऊन ये. निघताना माझा हात धरून ठेवला. त्याला कळलं की नाही? सत्तर वर्षांचं शिसंही अंगठ्याला लागत असेल. लागतं का? कोणाला विचारू?

१५ ऑक्टो., बुधवार
सकाळी साडेसहाला नोराचा फोन. डेक्लन गेला.
उद्या घरीच ठेवणार आहेत, लोक दर्शनाला येतील. शुक्रवारी चर्च. तिने एवढंच मागितलं: फ्रँकला आण. बाबांच्या कोटाच्या वरच्या खिशात ठेवायचाय.
आईला सांगितलं. ती म्हणाली, मीही येतो. मी म्हटलं, तुला तिथली भाषा कळणार नाही. मयताच्या घरी काय बोला लागते, म्हणाली. मग खिडकीतलं कार्ड आणून माझ्यासमोर ठेवलं. हळद जवळजवळ गेलीय. तेरा दिवसांत मिळून पाच-सहा तास ऊन पडलं असेल. फ्रँकही थोडा फिकट झालाय. कुंकू मात्र तसंच आहे, कपाळावर.
"माह्या हातानं झालं. मीच सांगतो तिले. तू फक्त इंग्रजीत सांग."
इंग्रजीत काय सांगू? डाग सांगितला की हेही सांगावं लागेल, की तुझ्या बापाने शेवटी हातात धरला तो फ्रँक त्याचा नव्हता. मागे लिहिणारी आईही त्याची नव्हती. आणि नाही सांगितलं तर माझं अक्षर घेऊन तो मातीत जाईल.
खंडेनवमीला जे बोललो त्याची माफी मागितली. आई म्हणाली, जेव आधी.

१६ ऑक्टो.
गाडीतच लिहितोय. डेक्लनच्या घरासमोर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या. लोक बाहेर पावसात सिगारेटी ओढतायत, हळू आवाजात हसतायतसुद्धा. आईला ते विचित्र वाटलं. घरी गेल्यावर आंघोळीला पाणी तापव, असं मानसीला फोनवर सांगून झालं तिचं.
दोन्ही कार्डं आणलीत. उजव्या खिशात स्वच्छ, डाव्या खिशात खरं.
नोरा दारात आलीय. हात करतेय. आई दार उघडून उतरलीसुद्धा, पदर डोक्यावर घेऊन चालायला लागलीय. नोराने दोन्ही हात पुढे करून तिचे हात धरले. आई काहीतरी बोलतेय तिच्याशी, मराठीत. नोरा माझ्याकडे बघतेय, काय म्हणतेय ती, असं.
जातो.